लेबारानला रिकामे होणारे अनाथालय

पत्राचा सारांश : पत्र लिहिणारी वाचक चोवीस वर्षांची आहे. तिचा जन्म आणि शिक्षण अमेरिकेत, न्यू जर्सी राज्यात झाले. आईवडील मूळचे सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातले. पदवीनंतर काही महिने मोकळे ठेवून ती जानेवारीत एका एजन्सीमार्फत इंडोनेशियात गेली आणि योग्यकर्ता शहराबाहेरच्या एका ‘पांती आसुहान’मध्ये, म्हणजे अनाथालयात, स्वयंसेवक म्हणून काम करू लागली. तिथे चाळीस मुले आहेत. दुपारी ती शाळेतून आली की गृहपाठ, मग इंग्रजीचा तास, मग मुले कुराणाच्या वर्गाला जाईपर्यंत खेळ, असा तिचा दिवस असतो. जूनअखेर तिला परतायचे आहे, कारण पुढच्या शिक्षणासाठी अमेरिकेत प्रवेश मिळालेला आहे. परंतु चौथीतली दहा वर्षांची एक मुलगी तिला फार बिलगली आहे. आधी ती ‘मबाक’, म्हणजे ताई, अशी हाक मारायची. गेल्या दोन महिन्यांपासून ‘इबू’, म्हणजे आई, म्हणू लागली आहे. व्हिसाच्या कामासाठी चार दिवस सिंगापूरला जावे लागले तेव्हा ही मुलगी नीट जेवली नाही, असे तिला परत आल्यावर कळले. आपण निघून गेलो तर या मुलीचे जगात कोणी उरणार नाही, असे तिला वाटते. प्रवेश पुढे ढकलून आणखी एक वर्ष राहावे का, मुलीच्या शिक्षणाचा खर्च उचलावा का, त्यासाठी इंटरनेटवर वर्गणी गोळा करावी का आणि पुढेमागे तिला दत्तक घेता येईल का, असे तिचे प्रश्न आहेत. खर्चाबद्दल विचारले तेव्हा संस्थेच्या प्रमुख बाई हसून ‘इंग्गिह’, म्हणजे हो, म्हणाल्या. आईवडील फोनवर म्हणतात, ‘सेवाच करायची होती तर आपल्या माणमध्ये काय कमी मुले होती?’ पत्राच्या अखेरीस तिने जाता जाता लिहिले आहे की रमजान ईदेला, जिला तिथे लेबारान म्हणतात, संस्थेत पाचच मुले उरली होती आणि तिला फार एकटे वाटले. ती मुलगीही आठवडाभर गुनुंगकिदुल भागातल्या एका गावी गेली होती आणि येताना तिच्यासाठी पेयेकची, म्हणजे शेंगदाणे घातलेल्या कुरकुरीत तळणीची, पिशवी घेऊन आली.

प्रिय वाचक,

तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा शेवटच्या त्या चार ओळींपाशी थांबले. तुम्ही त्या सहज लिहिल्या आहेत. मला मात्र साऱ्या पत्रात त्याच सर्वांत महत्त्वाच्या वाटतात. चाळीसपैकी पस्तीस मुले सणाला आपापल्या घरी जातात, त्या जागेला अनाथालय कसे म्हणायचे? आणि जिचे जगात कोणी नाही, त्या मुलीच्या हातात पेयेकची पिशवी कोणी दिली? तांदळाच्या पिठाच्या पातळ सरबरीत मिश्रणात शेंगदाणे घालून ते कढईच्या कडेने सोडावे लागते, तेव्हा कुठे एकेक पेयेक तळून निघते. पिशवीभर करायची म्हणजे सकाळ जाते. तिथे कोणीतरी चुलीपुढे बसून ती तळली आणि ‘तुझ्या त्या बाईंना दे’ असे सांगून पाठवली. त्या घराला तुम्ही ठाऊक आहात. तुम्हाला मात्र ते घर अजून ठाऊक नाही.

यात तुमचा दोष आहे असे मी म्हणत नाही. ‘पांती आसुहान’चे इंग्रजी भाषांतर ज्या शब्दाने करतात तो शब्दच आईबाप नसलेल्या मुलांचा आहे, आणि एजन्सीने तुम्हाला तोच सांगितला असणार. वस्तुस्थिती मात्र फार पूर्वीच तपासली गेली आहे. इंडोनेशियाचे समाजकल्याण मंत्रालय आणि मुलांसाठी काम करणारी सेव्ह द चिल्ड्रन ही संस्था यांनी युनिसेफच्या साहाय्याने देशातल्या बालगृहांची पाहणी करून तिचा अहवाल 2007 मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा असे दिसून आले की तिथल्या सुमारे 90 टक्के मुलांचे आई किंवा वडील यांपैकी निदान एक जण हयात होते आणि निम्म्याहून अधिक मुलांचे तर दोघेही. ही मुले तिथे आली होती ती मुख्यतः शिकण्यासाठी, कारण गावात राहून शाळेचा खर्च झेपत नव्हता. इंडोनेशियन भाषेत वसतिगृहाला ‘आस्रामा’ म्हणतात. तो आपला आश्रमच. तुम्ही ज्या जागेला अनाथालय समजता ती बऱ्याच अंशी आश्रमशाळेच्या वसतिगृहासारखी आहे, असे धरून चाललात तर तुमचे बरेच प्रश्न वेगळे दिसू लागतील.

गुनुंगकिदुल हा योग्यकर्ताच्या आग्नेयेला असलेला चुनखडीच्या टेकड्यांचा मुलूख आहे. तिथे पाऊस पडत नाही असे नाही, परंतु पाणी दगडांच्या भेगांतून खाली उतरते आणि जमिनीखालच्या नद्यांतून निघून जाते, त्यामुळे कोरड्या महिन्यांत गावांना टँकरने पाणी पुरवावे लागते. माणसे कामासाठी शहरांकडे जातात. जावा बेटावरच्या अशा अनेक गावांतल्या बायका घरकामासाठी मलेशिया, हाँगकाँग, तैवानपर्यंत जातात आणि मुले आजीकडे किंवा अशा संस्थांत राहतात. हे सगळे तुम्हाला परके वाटत असेल तर माणमधल्या तुमच्या आजीला फोन करून सांगून पाहा. अर्धे सांगण्याआधीच त्यांना उरलेले कळेल. ऊसतोडीला जाताना मुलाची शाळा बुडू नये म्हणून त्याला हंगामी वसतिगृहात ठेवणारी बीडची आई मुलाला टाकून जात नसते. तिला कोणी ‘मूल टाकलेली’ म्हटले तर आपल्याला राग येईल. मग गुनुंगकिदुलच्या आईबद्दल, तिला न भेटताच, ती नसल्यासारखे आपण का बोलतो?

आता ‘इबू’ या हाकेबद्दल. या शब्दाचा अर्थ आई आहे हे खरेच. परंतु त्या देशात शाळेतल्या प्रत्येक शिक्षिकेला, बँकेतल्या अधिकारी बाईंना आणि शेजारच्या काकूंनाही इबू किंवा नुसते ‘बू’ म्हणतात. आपल्याकडे मुले शिक्षिकेला बाई म्हणतात, तसेच. तुम्ही दोन महिन्यांपासून इंग्रजीचा तास नियमित घेऊ लागला असाल, तर त्या मुलीने तुम्हाला ताईच्या जागेवरून बाईंच्या जागेवर नेले असणेही शक्य आहे. ती तुम्हाला आईच मानत नसेल असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. मात्र ज्या एका शब्दावर तुम्ही वर्षभराचा निर्णय उभा करत आहात, त्याला तिथे दोन अर्थ आहेत एवढे लक्षात असू द्या. ‘इंग्गिह’चेही असेच आहे. जावानीज माणसाला समोरच्याला तोंडावर नाही म्हणणे फार जड जाते, आणि वडीलधाऱ्यांशी किंवा पाहुण्यांशी बोलताना वापरायचे हे आदरार्थी ‘हो’ पुष्कळदा ‘तुमचे बोलणे ऐकले’ इतकेच सांगते. संस्थेच्या प्रमुख बाई हसल्या आणि इंग्गिह म्हणाल्या. त्यांनी पुढे होऊन रक्कम, खाते, तारीख यांपैकी काही विचारले का? विचारले नसेल, तर तुम्हाला अजून होकार मिळालेला नाही.

मुलगी चार दिवस नीट जेवली नाही, ही गोष्ट मी हलकी मानत नाही. तिला तुमचा लळा लागला आहे आणि तो खरा आहे. परंतु तुमच्याआधी त्या संस्थेत किती स्वयंसेवक येऊन गेले, हे तुम्ही विचारले आहे का? एजन्सी दर काही महिन्यांनी नवी माणसे पाठवत असेल, तर त्या मुलीने दहाव्या वर्षापर्यंत अशा अनेक ताया येताना आणि विमानतळाकडे जाताना पाहिल्या असतील. ज्या मुलांच्या आसपासची मोठी माणसे सतत बदलतात ती नव्या माणसाला पटकन बिलगतात आणि ते माणूस दिसेनासे झाले की घाबरतात. हा जिव्हाळाही असतो आणि जुन्या जाण्यांचा हिशेबही असतो. परदेशी स्वयंसेवकांच्या अशा ये-जा करण्याने बालगृहातल्या मुलांचे नुकसान होते, हा मुद्दा आता इतका मान्य झाला आहे की 2019 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने बालहक्कांवरच्या ठरावात तो नोंदवला. म्हणूनच आणखी एक वर्ष राहण्याचा विचार मला उत्तर वाटत नाही. वर्षानंतर ती अकरा वर्षांची असेल, लळा दुप्पट झालेला असेल, आणि तुम्हाला जायचे तर तेव्हाही असेलच. तुम्ही तिथे जन्मभर राहणार असता तर गोष्ट वेगळी होती. तसे तुम्ही पत्रात कुठेही म्हटलेले नाही.

व्हिसाचा उल्लेख तुम्ही ओझरता केला आहे, परंतु त्यावर स्पष्ट बोलणे भाग आहे. पर्यटनाच्या व्हिसावर इंडोनेशियात काम करता येत नाही, आणि विनामोबदला केलेले कामही त्यात येते. एजन्सीने ‘सगळे असेच करतात’ असे सांगितले असेल, तर तिने तुमच्या जिवावर उदार होऊन सांगितले आहे. पकडले गेल्यास पाठवणी तुमची होते आणि चौकशी त्या संस्थेची. तुमचा व्हिसा नेमका कोणता आहे आणि तो कशाची परवानगी देतो, हे आजच तपासा. तो पर्यटनाचा असेल तर मुदत वाढवण्याचा प्रश्न इथेच संपतो.

दत्तकाबद्दलही थोडक्यात सांगते. 2007 च्या सरकारी नियमांनुसार परदेशी व्यक्तीला तिथले मूल दत्तक घ्यायचे तर ती विवाहित असावी लागते, विवाहाला किमान पाच वर्षे झालेली असावी लागतात, वय तिशीच्या पुढे, देशातले कायदेशीर वास्तव्य निदान दोन वर्षांचे आणि धर्म मुलाचाच असावा लागतो. यांतली एकही अट तुम्ही आज पूर्ण करत नाही. शिवाय त्या मुलीचे घर आहे. हा विषय तिच्यासमोर, चेष्टेतसुद्धा, काढू नका.

पैशांचा प्रश्न मात्र इतका सरळ नाही, आणि त्यावर थोडे अधिक बोलायला हवे. सरकारी प्राथमिक शाळेत फी नसते. खर्च होतो तो गणवेश, बूट, वह्या आणि प्रवास यांवर. यासाठी तिथे सरकारी मदत आहे: गरीब घरच्या मुलांसाठीच्या ‘इंडोनेशिया पिंतार’ योजनेतून प्राथमिकच्या विद्यार्थ्याला वर्षाला 450,000 रुपिया मिळतात, आणि 2007 पासून चालू असलेल्या ‘केलुआर्गा हारापान’ योजनेत मुले शाळेत जात असल्याच्या अटीवर कुटुंबाला रोख रक्कम दिली जाते. या मुलीचे कुटुंब या योजनांच्या यादीत आहे का, नसेल तर का नाही, हे संस्थेच्या बाईंना विचारण्यासारखे आहे. उत्तर त्यांना माहीत नसेल तर त्या गावच्या कार्यालयात किंवा योजनेच्या स्थानिक कार्यकर्त्याकडे चौकशी करू शकतात. आपल्याकडे महाराष्ट्रात बालसंगोपन योजना ज्या विचाराने चालते, तोच विचार यामागे आहे: मूल घरी राहावे म्हणून घराला हात द्यायचा. तुमच्या डॉलरांनी जे होईल त्याहून जास्त काळ टिकणारी मदत एका नीट भरलेल्या अर्जाने होऊ शकते. ऐकायला हे फार रुक्ष आहे, याची मला कल्पना आहे.

तरीही काही द्यावेसे वाटणारच. मग एका मुलीच्या नावे देऊ नका. उरलेली एकोणचाळीस मुले त्याच जेवणघरात बसतात आणि कोणाची परदेशी ताई कोणाला काय देते, हे त्यांना तुमच्या आधी कळते. द्यायचेच असेल तर महिन्या-दोन महिन्यांनी आईवडिलांना किंवा आजीला मुलांना भेटायला येता यावे म्हणून बसभाड्याची सोय करा; ती सर्व मुलांसाठी असावी आणि हिशेब संस्थेने ठेवावा. कोणत्याही देणगीदाराला हा खर्च भावत नाही, कारण त्याचा फोटो चांगला येत नाही, आणि नेमक्या त्याच कारणाने तो सहसा कोणी करत नाही. इंटरनेटवरच्या वर्गणीला माझा साफ नकार आहे. तुम्ही त्या मुलीचा चेहरा आणि ‘हिचे कोणी नाही’ असे वाक्य एकत्र छापणार. उद्या तिच्या गावातल्या कोणीतरी ते फोनवर पाहिले तर तिच्या आईला काय वाटेल? तुमच्या भाचीचा फोटो कोणी असा लावला असता तर तुमच्या घरी काय झाले असते, याचा अंदाज तुम्हाला आहे. आधी टाकलेले फोटो असतील तर तेही काढून टाका.

आईवडिलांचे ते वाक्य तुम्हाला टोमणा वाटले आणि तो टोमणा होताच. माणमध्ये काम केले असते तर ते जास्त पुण्याचे ठरले असते असे मला वाटत नाही. पण तिथे एक फरक पडला असता: तुम्हाला भाषा येत असती, आणि वाढदिवसाला केक घेऊन बालगृहात येणाऱ्या मंडळींकडे मुले कशी पाहतात हे तुम्ही दाराआडून ऐकले असते. इंडोनेशियात तुम्ही त्या केकवाल्या पाहुण्यांच्या जागी आहात. बरे, तुम्ही गव्हाळ रंगाच्या, हाताने भात खाणाऱ्या, त्यामुळे मुलांना गोऱ्या पाहुण्यांपेक्षा जवळच्या वाटल्या असणार. त्याने तुमचा परकेपणा झाकला गेला, संपला नाही.

आता उरलेल्या आठवड्यांत काय करता येईल ते पाहू. आपल्या ‘विचार’ शब्दावरून इंडोनेशियन भाषेत ‘बिचारा’ हा शब्द गेला आहे आणि तिथे त्याचा अर्थ होतो ‘बोलणे’. आपण मराठीत ज्या मुलीला बिचारी म्हणून गप्प बसतो, तिच्याबद्दल तिथे कोणाशी तरी बोलायचे असते, आणि ते बोलणे अजून झालेले नाही. संस्थेच्या बाईंकडे जा, मात्र खर्चाचा प्रस्ताव घेऊन नव्हे. तिच्या घरी कोण कोण आहे, ते शेवटचे कधी आले होते, ती किती वर्षे इथे राहील असे ठरले आहे, एवढे विचारा आणि सांगतील तेवढेच ऐकून घ्या. त्यांची हरकत नसेल तर एखाद्या रविवारी संस्थेतल्या कोणासोबत त्या गावी जा. एकट्या जाऊ नका. परदेशी पाहुणी एकटी दारात आली की घरच्यांना काहीतरी कबूल करावे लागेल अशी भीती वाटते. रिकाम्या हाताने जाऊ नका आणि महागडे काही नेऊ नका; जाताना योग्यकर्ताहून मिठाईचा एक डबा पुरेसा आहे. उजव्या हाताने द्या, दिलेला चहा प्या, पेयेक फार छान झाली होती असे सांगा. मुलगी अभ्यासात कशी आहे, काय चित्रे काढते, कोणाशी भांडते, ते घरच्यांना सांगा. शिक्षिका म्हणून तुमच्याजवळ जे आहे ते हेच, आणि घरच्यांना बहुधा तेच ऐकायचे असते. मदतीचे, अमेरिकेचे आणि पुढच्या वर्षाचे बोलणे तिथे काढू नका.

तिथे जाऊन वेगळेच काही दिसले तर? घर सुरक्षित नाही, मारहाण होते, किंवा मुलीला घरी जायचीच भीती वाटते असे लक्षात आले, तर त्याचा तपास तुम्ही करायचा नाही. जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात यासाठी नेमलेले समाजसेवक असतात. संस्थेच्या बाईंमार्फत त्यांच्यापर्यंत गोष्ट पोहोचवा, आणि तक्रार संस्थेबद्दलच असेल तर थेट त्यांच्याकडेच जा. हीच गोष्ट इतर देशांत असे काम करणाऱ्या वाचकांनाही सांगेन: पोहोचल्याच्या पहिल्याच आठवड्यात त्या गावचा जबाबदार माणूस कोण, हे विचारून ठेवावे.

संस्थेत असतानाचा वेळही थोडा बदला. गृहपाठाचा तास आता तिथल्या एखाद्या कर्मचारी ताईला सोबत घेऊन घ्या आणि दर आठवड्याला त्यातला आपला वाटा कमी करा, म्हणजे तुम्ही गेल्यावर खुर्ची रिकामी दिसणार नाही. ती मुलगी कशी रडते, कशाने शांत होते, कोणते गणित तिला अडते, हे त्या ताईला सांगून ठेवा. तुम्हाला पुढे खरोखर या देशात परतायचे असेल तर शिक्षण पूर्ण करून, भाषा शिकून, योग्य व्हिसावर या. अमेरिकन सरकारच्या पीस कोरचे स्वयंसेवक 1963 ते 1965 या काळात इंडोनेशियात होते; 2010 मध्ये ते पुन्हा येऊ लागले ते सत्तावीस महिन्यांच्या बोलीवर. आताच्या स्वयंसेवकांचे पहिले तीन महिने भाषा शिकण्यात जातात आणि नंतर ते सरकारी शाळेत स्थानिक शिक्षकाच्या बरोबरीने शिकवतात. त्या पद्धतीतही उणिवा असतील, परंतु तिथे मुलांचे गुरुजी मुलांच्याच गावचे राहतात आणि पाहुणा त्यांच्या शेजारी उभा असतो, ही तिची बाजू मला पटते.

राहिले ते निघणे. इंडोनेशियातले शालेय वर्ष जूनमध्ये संपते आणि जुलैच्या मध्यावर नवे सुरू होते, त्यामुळे तुमची जूनअखेरची तारीख खरे तर सोयीची आहे. मुले सुटीसाठी घरी जात असतील तर ती जाण्याच्या दोन-तीन दिवस आधी निरोप घ्या, म्हणजे ती मुलगी तुमच्या रिकाम्या जागेकडे पाहत बसण्याऐवजी आपल्या घरी जाईल. मात्र तारीख आजच सांगा, तिला आणि सर्व मुलांना. भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करा आणि ती रडली तर रडू द्या. भेटवस्तू सर्वांना सारखी द्या. तिला तुमचा खासगी नंबर देऊ नका. पत्र लिहायचे असेल तर ते संस्थेच्या पत्त्यावर, सर्व मुलांच्या नावे लिहा, आणि वर्षातून दोनदा लिहायचे कबूल केले तर दोनदा लिहाच.

एक अडचण तुम्हाला शेवटच्या दिवशी येईल. घरात मराठी ऐकून वाढलेल्या माणसाच्या तोंडून निघताना ‘जाते’ निघत नाही, ‘येते’ निघते, आणि इंडोनेशियनमध्येही सहज म्हटला जाणारा निरोप ‘साम्पाई जुम्पा’, म्हणजे पुन्हा भेटेपर्यंत, असाच आहे. दहा वर्षांची मुलगी हे शब्द जसेच्या तसे धरून ठेवील. त्या भाषेत ‘पामित’ असा दुसरा शब्द आहे: वडीलधाऱ्यांसमोर जाऊन आता निघतो अशी परवानगी मागायची आणि त्यांनी दिली की निघायचे. संस्थेच्या बाईंसमोर, सर्व मुले बसलेली असताना, तो शब्द म्हणा.